आत जाणारा आणि परत येणारा : सर्परोबोट प्रकल्पाच्या नोंदी

९ ऑगस्ट २०२४

महाविद्यालयातील आमच्या विभागाकडून आज प्रकल्पाला मंजुरी मिळाली. मंजुरीचा कागद नेमका नागपंचमीच्या दिवशी हाती यावा हा निव्वळ योगायोग, पण त्यावरून गटात व्हायची ती थट्टा झालीच. विषयाचे अधिकृत शीर्षक ‘अरुंद व बंदिस्त जागांच्या पाहणीसाठी सर्पाकृती रोबोट’ असे आहे. आम्ही चौघे आहोत, यंत्र अभियांत्रिकीचे दोघे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे दोघे. नोंदवही माझ्याकडे आहे.

विषय ठरवताना दोन जागा डोळ्यांसमोर होत्या. पहिली जागा म्हणजे मुंबईच्या रस्त्यांखालील बंदिस्त पर्जन्य जलवाहिन्या. शहर भागातील या वाहिन्यांचा मोठा हिस्सा ब्रिटिश काळातला आहे आणि तो ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांविषयीच्या १९९३ सालच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालातील कामांना वेग आला आणि ताशी ५० मिलिमीटरचे उद्दिष्ट समोर ठेवून वाहिन्या रुंद करणे व उदंचन केंद्रे (पाणी उपसणारी पंपगृहे) उभारणे सुरू झाले. तरीही जुन्या कमानी नाल्यांच्या आत आज नेमके काय आहे, हे माणूस आत उतरल्याशिवाय किंवा वरचा रस्ता उकरल्याशिवाय पुष्कळदा समजत नाही. दुसरी जागा म्हणजे कोसळलेल्या इमारतीचा ढिगारा. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला, तेव्हा गल्लीच्या अरुंदपणामुळे अवजड यंत्रे आत नेता येईनात आणि लोकांनी साखळी करून राडारोडा हातोहात बाहेर काढला. दोन्ही जागांमध्ये साम्य इतकेच की भोक लहान असते, वाट वाकडी असते आणि आत माणसाने जाऊ नये अशी परिस्थिती असते.

या यंत्राची कल्पना नवी नाही. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिगेओ हिरोसे यांनी १९७२ साली सुमारे दोन मीटर लांबीचा, वीस सांध्यांचा सर्परोबोट जमिनीवर चालवून दाखवला होता आणि त्याचा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या आसपास होता. पन्नास वर्षे उलटून गेली तरी असे यंत्र रोजच्या वापरात फारसे दिसत नाही. ते का दिसत नाही, याचे उत्तर आम्हांला आधी शोधायचे आहे. यंत्र बनवणे हा त्यानंतरचा भाग.

१८ ऑगस्ट २०२४

वाचनाची नोंद. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी १९४६ साली सापाच्या चालींचे यांत्रिक विश्लेषण मांडले आणि आजही बहुतेक अभ्यास तेथूनच सुरू होतात. चाली मुख्यत: चार मानल्या जातात. धामण गवतातून जाते ती नागमोडी चाल. अजगरासारखा जड साप पोटाच्या स्नायूंच्या जोरावर सरळ रेषेत सरकतो. बिळात किंवा झाडावर साप शरीराची घडी करून एक भाग टेकवतो आणि दुसरा पुढे ढकलतो. आणि चौथी आडवी, तिरकस चाल, जिच्यात शरीराचे थोडेच भाग जमिनीला टेकलेले असतात. ही चौथी चाल वाळवंटातल्या सापांची म्हणून पुस्तकांत येते, पण आपल्या कोकणातले फुरसेही तसेच चालते.

नागमोडी चालीत पुढे जाण्याचे बळ येते ते घर्षणाच्या फरकातून. सापाच्या पोटावरील खवल्यांमुळे पुढच्या दिशेला घर्षण कमी असते आणि बाजूला जास्त. हा फरक नसेल, तर शरीर कितीही वळवळले तरी जागच्या जागीच राहते. हिरोसे यांनी प्रत्येक खंडाखाली मोटर नसलेली छोटी चाके बसवून हाच फरक साधला होता, कारण चाक पुढे फिरते आणि बाजूला घसरत नाही. आम्हीही चाकांपासून सुरुवात करणार आहोत.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील हॉवी चोसेट यांच्या प्रयोगशाळेने दुसरा मार्ग धरला. त्यांच्या यंत्राला चाके नाहीत. एक सांधा आडवा वळणारा आणि पुढचा उभा वळणारा, अशी आलटून पालटून रचना आहे आणि त्यामुळे तेच यंत्र सरपटते, कुशीवर लोळत जाते, खांबाला वेटोळे घालून वरही चढते. जॉर्जिया टेकमधील संशोधकांसह त्यांनी २०१४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकी वाळवंटी सापाच्या आडव्या चालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. उतार वाढतो तसतसा हा साप वाळूला टेकणाऱ्या शरीराची लांबी वाढवतो, आणि यंत्राला तेच शिकवल्यावर यंत्रही चढू लागले. जनावर पाहून यंत्र सुधारण्याचे आणि यंत्रावरून जनावर समजून घेण्याचे इतके सरळ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

२ सप्टेंबर २०२४

आज सांध्यांची संख्या आणि मोटर ठरवली. हा हिशेब पुढच्या तुकडीला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

एका खंडाची लांबी ८ सेंटिमीटर आणि वजन १८० ग्रॅम धरले. पायरी चढायची असेल तर रोबोटला पुढचे काही खंड हवेत उचलून धरावे लागतात आणि त्या सगळ्यांचा भार एकाच सांध्यावर येतो. तीन खंड उचलले तर ५४० ग्रॅम वजन १२ सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे सुमारे साडेसहा किलो-सेंटिमीटर टॉर्क (सांधा वळवणारे बळ) लागतो. चार खंडांना साडेअकरा आणि पाच खंडांना अठरा. खंडांची संख्या वाढते तिच्या वर्गाच्या प्रमाणात टॉर्क वाढतो, आणि मोठी मोटर बसवावी तर खंडाचे वजनही वाढते. सर्परोबोट लहान प्रमाणात चपळ आणि मोठ्या प्रमाणात सुस्त का असतात, याचे निम्मे उत्तर या गणितात आहे.

निवडलेल्या सिरियल बस सर्वो मोटरचा (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी, एकाच तारेवर इतरांसोबत जोडता येणारी मोटर) कमाल टॉर्क ६ व्होल्टवर १७ किलो-सेंटिमीटर आहे, पण कमाल टॉर्कवर मोटर सतत चालवली तर ती तापून निकामी होते. निम्म्याच्या आत राहायचे असे ठरवले, म्हणजे तीनच खंड उचलता येतील. एकूण बारा सांधे आणि तेरा खंड, लांबी साधारण एक मीटर, वजन २.३ किलोच्या आसपास. बस सर्वो थोड्या महाग पडतात. मात्र प्रत्येक मोटर आपला कोन, तापमान आणि विद्युतदाब स्वत: कळवते आणि सगळ्या मोटरींना मिळून एकच तारांची माळ पुरते. स्वस्त मोटरीत प्रत्येकीची वेगळी तार ओढावी लागली असती आणि तेरा खंडांमधून बारा तारांचा जुडगा नेणे म्हणजे सांधे आपल्याच हाताने जखडून टाकणे.

२१ सप्टेंबर २०२४

विसर्जनाची गर्दी ओसरल्यावर लॅमिंग्टन रोडवरून मोटरी, कनेक्टर आणि कंट्रोलर आणले. बेअरिंग आणि स्क्रू नागदेवी स्ट्रीटवरून. खंडांची छपाई थ्री-डी प्रिंटरवर सुरू आहे.

१२ ऑक्टोबर २०२४

काल खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या मामांनी लेथ आणि मिलिंग मशीनला झेंडूची माळ घातली आणि टेबलावर पडलेल्या आमच्या अर्धवट रोबोटलाही हळदकुंकू लावले. आज त्याने पहिली हालचाल केली.

चालवण्याचे सूत्र हिरोसे यांच्या वक्रावर आधारलेले आहे आणि ते आश्चर्य वाटावे इतके आटोपशीर आहे. प्रत्येक सांध्याचा कोन साइन वक्राप्रमाणे कमी-जास्त होत राहतो आणि प्रत्येक मागचा सांधा आपल्या पुढच्या सांध्याची हालचाल किंचित उशिराने करतो, त्यामुळे डोक्यापासून शेपटीकडे एक लाट सरकत जाते. लाटेची उंची, तिचा वेग, दोन सांध्यांमधला उशीर आणि वळण्यासाठी सगळ्या कोनांत मिळवायचा एक स्थिर आकडा, एवढ्या चार आकड्यांवर पूर्ण यंत्र चालते. बारा मोटरींचा विचार वेगवेगळा करावा लागत नाही. उभ्या सांध्यांना वेगळी लाट दिली की तेच यंत्र फुरशासारखे आडवे जाऊ लागते.

प्रयोगशाळेच्या गुळगुळीत फरशीवर चाकांसह रोबोट झकास चालला. चित्रफीत काढली आणि विभागप्रमुखांना दाखवली. मात्र फरशीवरच्या यशाचा नाल्याशी काही संबंध नाही, हे मार्गदर्शक मॅडमनी लगेच बजावले.

१८ नोव्हेंबर २०२४

दिवाळी आणि परीक्षा आटोपून काम पुन्हा सुरू. महाविद्यालयाच्या मागच्या अंगणात ३०० मिलिमीटर व्यासाचा ह्यूम पाइप ठेवून त्यात माती, पालापाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे आणि झाडूच्या काड्या टाकल्या. मुंबईचा गाळ हा निव्वळ गाळ नसतो. त्यात पिशव्या, केस, नारळाच्या शेंड्या, चिंध्या आणि निर्माल्याचे दोरे असतात, आणि यंत्राच्या दृष्टीने दोरा हा मातीपेक्षा वाईट.

चाके पहिल्या मीटरभरातच जाम झाली. उघडून पाहिले तर प्रत्येक आसाभोवती प्लास्टिकची सुतळी इतकी घट्ट गुंडाळली गेली होती की ती ब्लेडने कापून काढावी लागली. चाकांऐवजी रणगाड्यासारखे फिरते पट्टे लावण्याचा पर्याय आहे; मिशिगन विद्यापीठात योहान बोरेनस्टाइन यांच्या गटाने बनवलेल्या ‘ऑम्निट्रेड’मध्ये खंडांच्या चारही बाजूंना पट्टे आहेत, म्हणजे यंत्र उलटेपालटे झाले तरी ते चालतच राहते. पण फिरणारा प्रत्येक भाग हा दोरा गुंडाळणारा भाग असतो. म्हणून बाहेरून काहीच फिरणार नाही असे यंत्र हवे, या निर्णयावर आम्ही आलो. चाके काढली. आता अंगावर एकसंध बाही चढवायची आणि अरुंद पाइपात अळीसारखी उभी लाट, तर रुंद चौकोनी नाल्यात आडवी चाल वापरायची.

उभ्या लाटेचा वेग चिखलात सेकंदाला जेमतेम ३ सेंटिमीटर भरतो. या वेगाने तीस मीटर जायला सतरा मिनिटे लागतील. पाहणीच्या कामाला हा वेग चालण्यासारखा आहे, कारण कॅमेऱ्यालाही पाहायला वेळ हवा असतो.

३० नोव्हेंबर २०२४

बाहीसाठी आधी मोटारसायकलच्या जुन्या ट्यूब वापरून पाहिल्या. पाणी आत येत नाही, पण रबर वाकवण्यातच मोटरीचे बळ खर्च होते आणि तापमान पाहता पाहता चढते. मग धारावीत रेनकोटच्या कापडाच्या बॅगा शिवणाऱ्या एका कारागिरांकडे गेलो. त्यांनी रोबोट हातात घेतला, दोन सांधे वाकवून पाहिले आणि म्हणाले, “दादा, कापड ताणून बसवू नका. कोपराला बाही कशी मोकळी ठेवतो, तशा सांध्याला चुण्या द्या.” त्यांनी शिवण घालून वरून गरम पट्टीने शिवण बुजवली. चुण्यांच्या बाहीत मोटरींचे तापमान ट्यूबच्या तुलनेत बरेच खाली राहिले. पाणी अडवायचे ते बाहीने, बळ लावायचे ते सांध्याने, ही वाटणी त्यांना पाहताक्षणी दिसली होती.

१४ डिसेंबर २०२४

आजच्या आढावा बैठकीत मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला : “तो आत कसा जाईल हे तुम्ही छान सांगितलेत. आतच बंद पडला तर बाहेर कसा येईल?”

हा प्रश्न मुंबईपुरता तरी सगळ्या प्रकल्पाचा गाभा आहे असे मला वाटते. ढिगाऱ्यात एखादे यंत्र अडकले तर ते सोडून देता येते. नाल्यात अडकलेले एक मीटर लांबीचे यंत्र मात्र स्वत:च तुंबण्याचे नवे कारण बनते. त्याच्याभोवती पिशव्या आणि दोरे साचतात आणि जून उजाडला की पाणी रस्त्यावर येते. जे पाहायला गेलो तेच आपण निर्माण करून आलो, असा तो प्रकार होईल. म्हणून बिनतारी रोबोटचा विचार आज कायमचा सोडला. जमिनीखाली वायफायचा संदेश तसाही फार जात नाही. केबल हवीच, प्रश्न आहे तो केबल कशी असावी याचा.

विजेचा हिशेब सोपा निघाला. एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार तीस मीटर जाऊन परत यायची म्हणजे साठ मीटर, तिचा रोध सुमारे १.०५ ओहम. यंत्राला १२० वॅट लागतात असे धरले तर २४ व्होल्टवर प्रवाह ५ अँपिअर आणि केबलमध्येच सव्वापाच व्होल्ट खर्ची पडतात. तीच वीज ४८ व्होल्टवर पाठवली तर प्रवाह निम्मा आणि घट अडीच व्होल्टच्या आसपास, म्हणजे टक्केवारीत चौपट कमी. म्हणून ४८ व्होल्ट पाठवून ते रोबोटच्या शेपटीत उतरवायचे ठरले.

ओढण्याचा हिशेब जास्त बोधप्रद आहे. वळणावर केबल कोपऱ्याला घासते तेव्हा तिच्यावरचा ताण बेरजेने वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो; गणितज्ञ ऑयलर यांच्या जुन्या सूत्रात हेच आहे. घर्षणगुणांक ०.३ धरला तर एका काटकोनी वळणाला ताण १.६ पट होतो, दोन वळणांना सुमारे २.६ पट आणि चार वळणांना साडेसहा पटींच्या पुढे जातो. आमच्या केबलचे वजन मीटरला ६० ग्रॅम, म्हणजे तीस मीटरला १.८ किलो. सरळ नाल्यात ती ओढायला अर्ध्या किलोहून थोडे अधिक बळ पुरते. २.३ किलोच्या रोबोटची पकड फार तर १.४ किलोची. आता नाल्याच्या शेवटाकडे दोन काटकोनी वळणे आली, तर केबलचा ताणही बरोबर १.४ किलोच्या घरात जातो आणि रोबोट तेथेच थांबतो.

वळण नेमके कोठे आहे यावरही सगळे अवलंबून आहे. वळण तोंडाशी असेल तर आत जाताना त्याचा त्रास जवळपास नसतो, कारण वळणाच्या मागे केबल थोडीच घासटत असते. परत ओढताना मात्र उलटे होते. बंद पडलेल्या रोबोटचे आणि आतल्या पूर्ण केबलचे घर्षण त्या तोंडाजवळच्या वळणातून ओढावे लागते आणि ते सगळेच गुणले जाते. जाताना स्वस्त पडणारे वळण येताना महाग पडते. म्हणून कोणत्या चेंबरमधून रोबोट सोडायचा हे ठरवताना परतीचा हिशेब आधी करायचा, असा नियम कार्यपद्धतीत लिहिला आहे.

६ जानेवारी २०२५

केबलबरोबर पोलादी तार घातली आणि प्रत्येक सांध्यावर चौकटीपासून चौकटीपर्यंत तारेचा सैल फास दिला, जेणेकरून ओढण्याचा भार मोटरीच्या दातांवर न येता चौकटींवर येईल. ओढण्यापूर्वी सगळ्या मोटरींचा टॉर्क सोडण्याचा आदेश द्यायचा, म्हणजे शरीर सैल पडून केबलमागे येते. वीजच गेली तर ते आपोआप सैल पडते.

२५ जानेवारी २०२५

कॅमेऱ्याचे काम वाटले होते त्याहून किचकट निघाले. डोके लाटेबरोबर सतत हलते आणि आडव्या चालीत तर शरीर कुशीवरही होते, त्यामुळे पडद्यावरचे चित्र पाहणाऱ्याला काही मिनिटांत मळमळू लागते. कार्नेगी मेलनच्या गटाने यावर एक सुंदर तोड मांडली आहे. कोणत्याही एका खंडाला आधार न मानता सगळ्या खंडांची सरासरी स्थिती काढायची आणि तिलाच यंत्राचे काल्पनिक शरीर समजायचे. सांध्यांचे कोन मोटरींकडून कळतातच. डोक्यातील झुकाव-संवेदकाशी त्यांची सांगड घालून चित्र सरळ फिरवून घेतले. आता ‘वर’ म्हणजे खरोखरच वर दिसते.

दिव्यांचा प्रकाश थेट समोर टाकला की धूळ आणि बाष्प पांढरे चमकते व मागचे काहीच दिसत नाही. दिवे कॅमेऱ्यापासून जमेल तितके बाजूला, तिरके लावले.

१५ फेब्रुवारी २०२५

महानगरपालिकेतून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांची भेट मॅडमनी घडवून आणली. पर्जन्य जलवाहिन्यांत अनेक वर्षे काढलेले हे गृहस्थ. आम्ही त्यांना सर म्हणत होतो आणि ते आम्हांला “बाळांनो” म्हणत होते. चहा येईपर्यंत त्यांनी आमच्या अर्ध्या गृहीतकांना कात्री लावली.

गोल, स्वच्छ, सरळ पाइप असेल तर चाकांवर चालणारा कॅमेरा-गाडा सर्परोबोटपेक्षा सरस ठरतो, असे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले. तो वेगवान असतो, स्वस्त पडतो, चित्रही स्थिर देतो आणि असे गाडे वापरातही आहेत. त्यांच्या मते आमच्या यंत्राची जागा वेगळी आहे. जुन्या नाल्यात पायरी असते, कमान एका बाजूला खचलेली असते आणि मुख्य म्हणजे मधूनच कोणाची तरी पाण्याची वाहिनी किंवा केबल आडवी गेलेली असते. “गाळ किती आहे ते नाला उघडला की कळतं. मध्ये आडवं काय गेलंय ते कोणालाच माहीत नसतं, आणि कचरा अडतो तो तिथंच.” गाडा अशा अडथळ्यापाशी थांबतो. सर्परोबोटने त्याच्या वरून किंवा खालून डोके काढून पलीकडचे दाखवले, तर त्याला काम आहे.

वेळेबद्दलही त्यांनी बजावले. मुंबईतील बहुतेक पातमुखे, म्हणजे नाले समुद्राला मिळतात ती तोंडे, भरतीच्या पातळीखाली उघडतात, त्यामुळे समुद्राजवळच्या नाल्यात ओहोटीचे काही तासच पाहणीचे असतात. मोठ्या भरतीचे पाणी नाल्यातून उलटे आत येते. सतरा मिनिटे आत आणि तितकीच बाहेर, या हिशेबाला म्हणूनच महत्त्व आहे.

वायूचा विषय त्यांनीच काढला. पर्जन्य जलवाहिन्या आणि मलवाहिन्या मुंबईत कागदोपत्री वेगळ्या असल्या तरी सांडपाणी दोन्हींत आढळते. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि १०० पीपीएमच्या (हवेच्या दशलक्ष भागांत १०० भाग) आसपास तर नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीने पेट घेतो. आमच्या मोटरीत ब्रश (घासत वीज पोचवणारे संपर्क) आहेत, म्हणजे ठिणगी आहे. स्फोटक वायूत चालण्यासाठी प्रमाणित केलेले हे यंत्र नाही, म्हणून मलवाहिनी आमच्या कार्यक्षेत्राबाहेर ठेवली आणि प्रत्येक चाचणीपूर्वी वायूमापक दोरीला बांधून आधी खाली सोडायचा असे ठरवले.

मैला सफाईच्या कामाला हात घालण्याचा विचार गटात एकदा झाला होता. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला गटारात उतरवणे निषिद्ध केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठीची भरपाई ३० लाख रुपये केली, तरीही माणसे उतरतातच. पण उपसण्याला बळ लागते आणि ते बळ अंगठ्याएवढ्या मोटरींत नाही. केरळच्या जेनरोबोटिक्स कंपनीचा ‘बँडिकूट’ मॅनहोलमध्ये उतरून गाळ उचलतो, आणि त्याची रचना सापापेक्षा कोळ्याला जवळची आहे, ती योग्यच आहे. आमचे काम पाहण्यापुरतेच ठेवले.

१० मार्च २०२५

आवारातील जुन्या, लादीने झाकलेल्या पावसाळी गटारात आज मालमत्ता विभागाच्या परवानगीने चाचणी झाली. तोंडापाशी एक काटकोनी वळण, पुढे सरळ वाट. वायूमापकाने काही दाखवले नाही. रोबोट अठरा मीटर आत गेला. बारा मीटरवर पिंपळाचे मूळ भिंत फोडून आत आलेले दिसले आणि त्याच्या पुढे एक पीव्हीसी पाइप गटाराला छेदून गेला होता. मूळ आणि पाइप यांच्या बेचक्यात पिशव्यांचा गठ्ठा होता. हा पाइप कोणत्याही नकाशात नाही. रोबोटने तीन खंड उचलून पाइपावर डोके टेकवले आणि पलीकडची वाट मोकळी असल्याचे दाखवले. शरीर वर चढवण्याचा आग्रह आम्ही धरला नाही.

मग ठरवून वीज तोडली आणि स्प्रिंग-काटा लावून तार ओढली. हिशेबाप्रमाणे पावणेतीन किलो यायला हवे होते. काटा साडेचारच्या पुढे गेला. रोबोट बाहेर आला तेव्हा कारण दिसले. शेपटीचे टोक बोथट असल्याने परत येताना त्याने फावड्यासारखा गाळ पुढे लोटत आणला होता. तोंड आम्ही निमुळते केले होते. परतीच्या वाटेवर शेपूटच तोंड असते. शेपटीलाही शंकू बसवल्यावर तीच वाट ओढताना काटा तीनच्या आसपास राहिला.

५ एप्रिल २०२५

ढिगाऱ्याच्या बाजूने थोडेच काम झाले. २८ मार्चला म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सिंगापूरच्या मदत पथकाने पाठीवर कॅमेरा बांधलेली जिवंत झुरळे शोधकार्यासाठी नेल्याची बातमी आली. झुरळ स्वत:ची ऊर्जा स्वत: आणते, हा त्याचा मोठाच फायदा. सर्परोबोटचा प्रत्यक्ष ढिगाऱ्यातील अनुभव तुटपुंजा आहे. सप्टेंबर २०१७ च्या भूकंपानंतर कार्नेगी मेलनच्या गटाने मेक्सिको सिटीत एका कोसळलेल्या इमारतीत आपला रोबोट सोडला. आतली दृश्ये मिळाली, पण जिवंत कोणी सापडले नाही. तोहोकू विद्यापीठात सातोशी तादोकोरो यांच्या गटाने बनवलेला कॅमेरा तर सांधेवाला रोबोट म्हणावा असाही नाही. आठ मीटर लांबीच्या नळीवर बारीक तिरके केस आणि आत कंपन करणाऱ्या मोटरी. केस थरथरले की नळी पुढे सरकते. २००८ साली फ्लोरिडात जॅक्सनव्हिल येथे कोसळलेल्या वाहनतळाच्या तपासात तो सात मीटर आत गेला होता. त्याचा जोर अगदी कमी, पण बिघडला तरी ती एक नळी आहे आणि नळी ओढली की बाहेर येते. आमच्या प्रश्नाचे हे उत्तर मला सांध्यांच्या रोबोटहून अधिक प्रामाणिक वाटते.

विटा, सळया आणि फळ्यांच्या ढिगात आमचा रोबोट चुण्यांमध्ये सळई अडकून थांबला. बाहीवर जाड कापडाचे दुसरे आवरण लागेल. डोक्यात मायक्रोफोन आणि छोटा स्पीकर बसवला आहे. अडकलेल्या माणसाला चित्रापेक्षा आवाजाचा उपयोग अधिक, असे अग्निशमन सेवेतील एका अधिकाऱ्यांनी सुचवले होते.

१९ एप्रिल २०२५

अहवालासाठी इतर उपयोगांची तपासणी केली. जेथे सर्पाकृती यंत्रे टिकली तेथे परतीची सोय रचनेतच आहे, असे दिसते. विमानाचे पंख आणि इंजिने यांच्या आत डोकावणाऱ्या ब्रिस्टलच्या ओसी रोबोटिक्सच्या भुजा मुळाशी पक्क्या बसवलेल्या असतात. शस्त्रक्रियेत घशातून आत जाणारी लवचीक साधने शल्यविशारदाच्या हातातच राहतात. नॉर्वेत ट्रोनहाइमच्या विद्यापीठातून २०१५ साली निघालेल्या ‘ईलूम’ कंपनीचा रोबोट समुद्रतळाशी तेल-वायूच्या यंत्रणांची पाहणी करतो, आणि पाण्यात वजन उचलण्याचा आमचा टॉर्कचा प्रश्न जवळपास नाहीसा होतो. अपवाद नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील ‘ईल्स’चा. शनीच्या एन्सेलेडस या चंद्रावरील बर्फाच्या भेगांत उतरण्याच्या कल्पनेने बनवलेले, सुमारे चार मीटर लांबीचे हे यंत्र कॅनडातील अथाबास्का हिमनदीवर चाचणीला नेले होते. एन्सेलेडसवरून कोणी ते परत ओढणार नाही. पण तेथे नालाही तुंबणार नाही.

२ मे २०२५

मौखिक परीक्षा झाली. यंत्र, केबलचे रीळ आणि नोंदवही प्रयोगशाळेत जमा करायची आहेत. पुढच्या तुकडीसाठी बाकी कामे अशी : केबलच्या रिळाला ताण दाखवणारा काटा कायमचा बसवावा आणि ताण आठ किलोच्या वर गेला की ओढणे थांबवून रोबोटचा टॉर्क सोडलेला आहे की नाही हे आधी तपासावे; बाहीचे दुसरे आवरण धारावीतून करून घ्यावे; पाचव्या सांध्याची मोटर इतरांपेक्षा सात-आठ अंश जास्त तापते, ती बदलावी. पिंपळाच्या मुळाची आणि आडव्या पाइपाची छायाचित्रे अंतरासह मालमत्ता विभागाला दिली आहेत. पाइप कोणाचा याचा शोध त्यांनी सुरू केला असून पावसापूर्वी त्या जागची लादी उचलून गठ्ठा काढणार असल्याचे कळवले आहे. लादी उचलली की मुळाची जाडी मोजून घ्यायची आहे, म्हणजे कॅमेऱ्यावरून काढलेला साडेचार सेंटिमीटरचा अंदाज कितपत बरोबर होता ते कळेल.